सेकंड व्हायोलिनचा आठवा पार्ट

गुरुवारी दुपारी भाड्याने आणलेला सिंफनीच्या कागदांचा संच परत पाठवायला बांधत होतो, तेव्हा सेकंड व्हायोलिनचे पार्ट, म्हणजे त्या गटाच्या छापील स्वरवह्या, आठ भरले. सात भरायला हवे होते. चौदा वाजवणारे, दोघांत एक स्टँड, स्टँडवर एक पार्ट, म्हणजे सात. यात गणित असं काही नाही. मी पुन्हा मोजले. आठ. कमी भरला असता तर मला इतकं वाटलं नसतं. कमी भरला तर कुणीतरी घरी नेलेला असतो, फोन करायचा, दोन शब्द सुनवायचे, संपलं. जास्त कसा भरेल? आठवा पार्ट मी उचलला. आतली सगळी पानं स्वच्छ, बाकीच्या सातांसारखीच, माझ्याच हातांनी खोडून साफ केलेली. मुखपृष्ठावर मात्र प्रकाशकाचा शिक्का नव्हता. कोपऱ्यात जांभळा, जवळजवळ पुसलेला एक जुना शिक्का होता, जर्मनमधला, कुठल्याशा नाट्यगृहाचा. तेवढ्यात नसरुद्दीन खोके न्यायला आला. हा आमचा स्टेजवरचा माणूस, कोळिकोडचा, खुर्च्या आणि स्टँड मांडतो. खोक्यावर चिकटपट्टी मारता मारता म्हणाला, "ऑल्विन भाई, वो जर्मन सर संडे को एक पुराना फाइल रखके गये थे आपकी टेबल पे. बोले, ऑलिव्हिया के लिए है. मिल गया ना?" ऑलिव्हिया म्हणजे माझी मुलगी. मी म्हणालो, मिल गया. खोटं नव्हतं. तो यल्ला, म्हणजे चला, म्हणून खोके ढकलत निघून गेला आणि मी तो पार्ट हातात धरून उभा राहिलो. एसीचा गार झोत मानेवर येत होता. मला आधी आठवलं ते इतकंच, की मंगळवारी खोडताना हा एक पार्ट फार वेळ खात होता आणि मी मनातल्या मनात चरफडलो होतो, की कोण हा गाढव, इतकं लिहितो.

हे खोडणं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण माझ्या नोकरीतला अर्धा वेळ त्यातच जातो. मी इथे दोह्यात ऑर्केस्ट्राचा लायब्ररियन. सिंफनीचे छापील कागद युरोपातून भाड्याने येतात. तालमीत वाजवणारे त्यांवर पेन्सिलीने खुणा करतात, गज इथे वर, इथे खाली, इथे तिसरं बोट, इथे कंडक्टरकडे बघ. शाईने लिहायचं नाही, हा जगभरचा नियम. कार्यक्रम झाला की कागद लायब्ररीत जमा होतात आणि सगळ्या खुणा खोडून, कोरे करून परत पाठवायचे. मऊ पांढरं खोडरबर, एका दिशेने हात, भुगा झाडायला रंगाऱ्याचा ब्रश. बाकीचे लायब्ररियन हे काम उरकतात. आम्ही पाठवलेल्या संचाबद्दल मात्र प्रकाशकाकडून एकदा शाबासकीचं पत्र आलं होतं. त्या पत्राचा मला अभिमान आहे, आणि तो लपवण्याइतका मी नम्र नाही. याआधी मी चार वर्षं मेट्रोच्या एका कंत्राटदाराकडे डॉक्युमेंट कंट्रोलर होतो. स्टेशनांची ड्रॉइंग्ज यायची, रिव्हिजन ए, बी, सी. नवी आली की जुनीवर 'सुपरसीडेड' असा लाल शिक्का मारायचा आणि सगळ्या प्रती गोळा करून फाडायच्या, म्हणजे चुकून जुन्यावरून भिंत उभी राहायला नको. कुठलाही कागद हातात आला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की हा चालू आहे की रद्द झालेला. रीटा, माझी बायको, म्हणते की माणसांकडेही मी तसंच बघतो. असेल. गेल्या मंगळवारी तरी मी काहीच बघितलं नव्हतं. सिंफनी तीच, आकार तोच, कागद तितकाच पिवळा, आणि ढिगात वरच पडलेला. भुगा झाडला आणि पुढचा घेतला.

अल वक्राला घरी येताना नेहमीची वळणं लागली. रस्ता दर आठवड्याला दुसरीकडून जातो. नारिंगी डबे, बाण, पुन्हा डबे. स्टेडियमचं पांढरं छत आता पूर्ण झालंय, मेट्रो पुढच्या महिन्यात सुरू होणार म्हणतात, आणि वर्ल्ड कपला अजून साडेतीन वर्षं आहेत, तरी सगळ्या शहराच्या अंगात घाई शिरलेली असते. मला मात्र त्या दिवशी घरी पोचायची घाई नव्हती. एकहार्ट सर, म्हणजे नसरुद्दीनचे ते जर्मन सर, सोमवारच्या विमानाने कायमचे जर्मनीला जाणार होते. शनिवारी चार वाजता ते आमच्याकडे ऑलिव्हियाचा व्हायोलिनचा शेवटचा धडा घ्यायला येणार होते. सहा वर्षं ते तिला शिकवत होते, आणि पैशांचं नाव काढलं की करक चहाचा कप पुढे करून म्हणायचे, हा माझा पगार. मी गाडी चालवत हिशेब जुळवत होतो तो वेगळाच. तो पार्ट त्यांनी मला नाही, ऑलिव्हियाला दिलेला. ऑलिव्हियाला तो मिळाल्याचं माहीत नाही. नसरुद्दीनला मिळाल्याचं माहीत आहे. कोरा झाल्याचं फक्त मला. ड्रॉइंगच्या बाबतीत असं झालं असतं तर मी कुणाला पहिलं कळवायचं हे मला पाठ होतं.

एकहार्ट सरांनी त्यांची कहाणी मला एका बैठकीत कधी सांगितली नाही. लायब्ररीत दुपारी चहाला यायचे, खुर्चीच्या कडेवर बसायचे आणि हवामान सांगावं तशा सुरात एखादा तुकडा सांगून जायचे. पूर्व जर्मनीत थुरिंगियातल्या लहान गावात जन्म, वडील बेकरीत. दहाव्या वर्षी शाळेत दोन माणसं आली, मुलांची बोटं बघितली, आणि यांना व्हायोलिन दिलं. मोठ्या भावाला ट्रॉम्बोन दिला, कारण त्याचे ओठ जाड होते. पुढे वायमारला शिक्षण, आणि शहात्तर साली एका गावच्या नाट्यगृहाच्या ऑर्केस्ट्रात नोकरी, सेकंड व्हायोलिन, चौथा स्टँड, आतली बाजू. आतली बाजू म्हणजे काय, तर दोघांपैकी बाहेरचा वाजवत राहतो आणि पान उलटायला आतल्याने थांबायचं; पेन्सिलही आतल्याच्याच हातात, खुणा त्यानेच करायच्या. एकवीस वर्षं ते आत बसले. दुपारी कारखान्यातल्या कामगारांसाठी ऑपेरेटा, हिवाळ्यात हीटर बंद, बोटं काखेत धरून विसावे मोजायचे. बाहेरच्या खुर्चीवर गुडरून नावाची बाई होती, उंच, खोकणारी, त्यांच्याहून बरी वाजवणारी. एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात ती सुट्टीला हंगेरीला गेली आणि परत आलीच नाही. सप्टेंबरातल्या पहिल्या तालमीला खुर्ची रिकामी. कुणी विचारलं नाही, कारण त्या वेळी तिथे कुणी असलं विचारत नसे. कंडक्टर यांना आडनावाने म्हणाला, लिंडनर, बाहेर सरका. हे सरकले नाहीत. पुढचे दोन महिने ते रिकाम्या खुर्चीच्या आतल्या बाजूला बसून स्वतःच वाजवत, स्वतःच पान उलटत राहिले. "का?" मी विचारलं होतं. "माहीत नाही," ते म्हणाले, "मला वाटलं, ती आली तर तिला जागा बदललेली दिसायला नको." मग बर्लिनची भिंत पडली, तिचं पश्चिमेकडच्या हानोव्हरहून एक कार्ड आलं, तिने लग्न केलं होतं. ही गोष्ट सांगून झाल्यावर त्यांनी चहाच्या कपावरची साय बोटाने काढली आणि विचारलं, इथे चांगले पाव कुठे मिळतात.

सत्त्याण्णवला दोन ऑर्केस्ट्रांचं एक केलं. त्यांच्या इमारतीतली लायब्ररी ट्रकमध्ये भरून कचऱ्यात जाणार होती. आदल्या दिवशी ज्याने त्याने आपला पार्ट उचलून नेला. हा तो पार्ट. त्यांना स्वतःच्याच खुर्चीसाठी परीक्षा द्यायला लावली आणि त्यात ते पडले. मग संगीतशाळांतून शिकवणं, पश्चिमेकडच्या ऑर्केस्ट्रांत आजारी पडलेल्याच्या जागी वाजवणं, आणि पंचावन्नाव्या वर्षी दोहा. इथेही सेकंड, इथेही आतली बाजू, पण इथे हीटरची गरज नाही, असं ते म्हणायचे. ऑलिव्हियाला सांगायचे, आपण प्रेक्षकांना ऐकू आलो तर आपलं काहीतरी चुकलंय. सतरा वर्षांच्या मुलीला हे पटणं कठीण. तिला पटलं. जर्मनीतल्या एका युथ ऑर्केस्ट्रासाठी तिला याच सिंफनीतला सेकंड व्हायोलिनचा भाग वाजवून पाठवायचा होता, आणि गेले सहा महिने आमच्या हॉलमध्ये एकच एक गोष्ट चाललेली असायची, जिच्यात सूर कुठला आणि साथ कुठली हे मला वीस वर्षं व्हायोलिन हाताळूनही धड कळत नसे. हाताळूनच म्हणतो, वाजवून नाही. वसईला माझे वडील चर्चमध्ये वाजवायचे, लग्नाला, अंत्ययात्रेला, मे महिन्यात एका दिवशी तीन तीन ठिकाणी. फादरांनी त्यांना कागद वाचायला शिकवलं, त्यांनी मला. इथे आल्यावर एकदा हौशी लोकांच्या गटात घेतील म्हणून मी एकहार्ट सरांसमोर वाजवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "ऑल्विन, तुम्ही फार उत्तम वाचता." वाक्याचा अर्थ मला दारापर्यंत पोचता पोचता समजला. दोन महिन्यांनी लायब्ररियनची जागा निघाली, तेव्हा माझं नाव त्यांनीच सुचवलं.

रीटाला मी गुरुवारीच सांगितलं. ती हॉस्पिटलात नर्स आहे, ड्यूटीवरून येऊन पाय टेबलावर टाकून बसली होती. तिने ऐकलं आणि म्हणाली, "मग फोन कर ना. आत्ता. आमच्याकडे चुकीचं इंजेक्शन गेलं तर इन्सिडेंट रिपोर्ट भरतात, लपवत नाहीत. लपवलं की ते दुसऱ्या पेशंटला लागतं." मी म्हणालो, हे इंजेक्शन नाही. "ते काय तुला खाणार आहेत?" मी म्हणालो, बघतो. "तुझं 'बघतो' म्हणजे मला माहितेय," ती म्हणाली आणि अंघोळीला गेली. तिला मी एक सांगितलं नव्हतं. जानेवारीतल्या कार्यक्रमात एकहार्ट सरांनी एक पुनरावृत्ती घेतली, जी कंडक्टरने आदल्या दिवशी काढून टाकली होती. चार स्वर वाजले, ते थांबले, कुणालाही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत येऊन त्यांनी दार लावून घेतलं. "माझ्या आईला असंच सुरू झालं होतं," ते म्हणाले, "आधी किराणा, मग नावं." डॉक्टरांनी स्मृती तपासायला त्यांच्याकडून कागदावर घड्याळाचं चित्र काढून घेतलं, अकरा वाजून दहा मिनिटं. बरोबर आलं. "पण घड्याळ काय, मी झोपेतही काढेन. बोटांचं कोण तपासणार?" त्यांच्या बहिणीच्या गावच्या संगीतशाळेने त्यांना आठवड्यातून दोन दिवस शिकवायला बोलावलं होतं. पंधरा मुलं. उत्तर महिनाअखेरपर्यंत द्यायचं होतं. डोकं ठीक असेल तर हो म्हणेन, नसेल तर व्हायोलिन पेटीत ठेवेन आणि बहिणीच्या बागेत बसेन, लहान मुलांना चुकीचं शिकवणार नाही, असं ते म्हणाले होते. मी तेव्हा गंभीर चेहरा करून एका संचाची पानं लावत होतो. मी त्यांना धीर दिला नाही. मला धीर देता येत नाही, यादी देता येते.

शुक्रवारी मिस्सा आटोपून रीटा आणि ऑलिव्हिया अल अझीझियाला रीटाच्या मैत्रिणीकडे गेल्या. मी डोकं दुखतंय म्हणालो, आणि ते दुखतही होतं. डायनिंग टेबल खिडकीपाशी ओढलं, पार्ट उन्हात तिरपा धरला आणि मला दिसलं ते दिसलं नसतं तर बरं झालं असतं. पेन्सिल गेली होती, पण तिची चर कागदात उरली होती. बारीक, पण होती. गज वर, गज खाली, बोटांचे आकडे, जर्मन शब्द, एका कोपऱ्यात छोटी बदकासारखी चित्रं, बहुतेक कंटाळ्यातली. संध्याकाळपर्यंत मी एकही घास न खाता बसलो. बारीक टोकाची पेन्सिल, चष्म्यावर भिंग. मनात लाज होती हे मी कबूल करतो, पण तिच्या बरोबरीने एक आनंदही होता, आणि तो लाजेपेक्षा मोठा होता. एकवीस वर्षांच्या एका हाताच्या मागून माझा हात जात होता. कुठे तो हात घाईत होता, कुठे गारठलेला, कुठे त्याने कुणाच्या तरी सांगण्यावरून नाइलाजाने खूण केली होती, हे मला बोटांत समजत होतं. मला कधीच वाजवता आलं नाही ते मी त्या दिवशी लिहून वाजवलं. मंद भागात एके ठिकाणी अक्षर वेगळं होतं, उभट, दाबून लिहिलेलं, एकच शब्द. त्याचा अर्थ मला लागला नाही. गुडरूनचं असावं इतकं समजलं, आणि तोही मी गिरवला, तिच्यासारखा दाब देऊन. दहा टक्के जागी चर स्पष्ट नव्हती, तिथे अंदाज केला. तिसऱ्या भागात एका ओळीला एकावर एक दोन खुणा होत्या, एक गज खाली, एक गज वर. एक खोल होती, एक उथळ. खोल ती खरी, असं ठरवून मी खाली लिहिलं. संध्याकाळी रीटा आली, टेबल जागेवर होतं, पार्ट फोल्डरमध्ये होता. "फोन केलास?" तिने विचारलं. मी म्हणालो, उद्या येणारच आहेत ना. तिने माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. करंगळीची बाजू शिशाने काळी झाली होती.

शनिवारी एकहार्ट सर चारला पाच मिनिटं असताना आले. ते नेहमी चारला पाच मिनिटं असतानाच येतात. शर्टाला इस्त्री, पायात मोजे, हातात व्हायोलिनची पेटी. रीटाने चहा दिला, केक दिला. ऑलिव्हिया स्टँड लावत होती. मी सोफ्याच्या टोकाला बसलो, कारण मी नेहमी तिथे बसतो आणि त्या दिवशी बसलो नसतो तर ते दिसलं असतं. चोराच्या मनात चांदणं. ते म्हणाले, "फोल्डर मिळालं ना?" मी ते आणून दिलं. त्यांनी मुखपृष्ठावरून हात फिरवला, ऑलिव्हियाला म्हणाले, "हा माझा ऑर्केस्ट्रा. एवढाच उरलाय. आजपासून तुझा." ती म्हणाली, "सर, आय कान्ट टेक धिस." "घ्यायचा," ते म्हणाले, "मला आता पाठ आहे." त्यांनी पार्ट उघडला. पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होतो. काही झालं नाही. ते बदकं बघून हसले. माझ्या मनात एक निर्लज्ज विचार आला, की काम चांगलं झालंय.

ती बाहेरच्या बाजूला बसली, ते आतल्या. दोघांनी मिळून सुरुवात केली. शिक्षक आणि विद्यार्थिनी एकत्र वाजवतात तेव्हा दोन गज एकाच वेळी एकाच दिशेला जातात आणि ते बघायला मला फार आवडतं; आवाजापेक्षाही. पहिला भाग गेला, मंद भाग त्यांनी उद्यासाठी असल्यासारखा मागे ठेवला, तिसरा घेतला. सहाव्या ओळीला त्यांचा गज वर गेला, ऑलिव्हियाचाही वर गेला, आणि ते थांबले. तिनेही थांबवलं. ते कागदाकडे वाकले. "खाली," ते म्हणाले, "इथे खाली लिहिलंय." ऑलिव्हिया म्हणाली, "नो सर, इट्स अप. यू टॉट मी अप." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ते इतकं हळू बोलले, की एसीच्या आवाजात मला कान द्यावा लागला. "मी हे बदललं होतं. तरुणपणी खाली वाजवायचो, मग एक नवा कंडक्टर आला, तेव्हा वर केलं. मला बदलल्याचं आठवतं. कुठल्या तालमीत तेही आठवतं. पण इथे बदललेलं नाही." ते कागदाकडे बघत राहिले. "अक्षर माझंच आहे," ते म्हणाले.

मग मला सगळं एकदम कळलं, आणि ते शुक्रवारच्या अख्ख्या दिवसात कळलं नव्हतं याची मला चीड आली. तरुण हात जोरात दाबतो. खोल खूण जुनी होती, रद्द झालेली. उथळ ती चालू. मी, चार वर्षं रद्द कागद फाडण्यावर पोट भरलेला माणूस, रद्दवरून भिंत उभी केली होती. करायला गेलो गणपती, झाला मारुती. पण मारुती होऊन थांबला असता तरी चाललं असतं. एकहार्ट सरांनी व्हायोलिन मांडीवर आडवं ठेवलं. "किती महिने मी तुला चुकीचं शिकवलं?" त्यांनी ऑलिव्हियाला विचारलं. ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. ते तिच्याशी नाही, स्वतःशी बोलत होते. "बदललं असं वाटणं, आणि बदललेलं नसणं. आई असंच करायची. दार लावलंय, दार लावलंय म्हणायची आणि दार उघडं असायचं." मग ते हसले, आणि ते हसू मला बघवलं नाही. खिशातून फोन काढला. "बरं झालं, इथेच कळलं. संगीतशाळेला आजच नाही म्हणून कळवतो, त्यांना दुसरं कुणी शोधायला वेळ मिळेल." चष्म्याखालून ते एका बोटाने अक्षरं शोधू लागले.

मी सांगितलं नसतं तर काय झालं असतं याचा मी नंतर बराच विचार केला. ते सोमवारी गेले असते, बागेत बसले असते. ऑलिव्हियाला पार्ट मिळाला असता, मला माझं शाबासकीचं पत्र. कुणालाही कधीही कळलं नसतं. मी शूर नाही. मी बोललो ते त्या बोटामुळे, फोनवर एक एक अक्षर शोधत फिरणाऱ्या, चाळीस वर्षं तारेवर न बघता जागा सापडणाऱ्या बोटामुळे. मी उभा राहिलो आणि इंग्रजीत म्हणालो, "सर, ते तुमचं अक्षर नाही. माझं आहे." मग पुढचं क्रमाने सांगितलं, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, मला सांगता येतं ते क्रमानेच. स्वयंपाकघराच्या दारात रीटा येऊन उभी राहिली होती. ऑलिव्हिया माझ्याकडे बघत नव्हती.

एकहार्ट सरांच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग आली ती सुटका. इतकी उघडी, की ते दहा वर्षांनी लहान दिसले. "म्हणजे वरच होतं!" ते म्हणाले. "मी बदललं होतं!" त्यांनी फोन खिशात टाकला, उठले, माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. "थँक यू, ऑल्विन, थँक यू. तुम्हाला कल्पना नाही." ऑलिव्हियाकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? वर! मी बरोबर शिकवलं!" ती हसली नाही. माझा हात अजून त्यांच्या हातात होता. तो हलायचा थांबला. त्यांनी मान वळवून स्टँडकडे बघितलं, हात सोडला आणि मंद भागाचं पान काढलं. त्या उभट शब्दाखाली बोट ठेवलं. "हेही?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, आणि मला बरं वाटावं अशी काही व्यवस्था तिथे नव्हती. त्यांनी पार्ट मिटला आणि फोल्डरमध्ये घालून माझ्या हातात दिला, लायब्ररीत परत करतात तसा. मग खुर्चीवर बसले, आतल्या बाजूच्या. "ऑल्विन," ते म्हणाले, नेहमीच्या हवामानाच्या सुरात, "तुम्ही आत जाऊन बसा. धडा अजून संपलेला नाही."

माझ्याच घरात मला कुणी असं खोलीबाहेर काढलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेलो. ऑलिव्हियाने मागे दार लावून घेतलं, तिनेच. रीटा सिंकपाशी कप विसळत होती. "सांगितलंस," ती म्हणाली. मी स्टुलावर बसलो, फोल्डर मांडीवर. पलीकडे ते तिसरा भाग पहिल्यापासून घेत होते, कागदाशिवाय, पाठ. सहाव्या ओळीपाशी पोचले तसा मी कान दिला, दाराला जवळजवळ टेकूनच. दोन्ही व्हायोलिनं एकत्र होती, न थांबता पुढे गेली. गज वर गेला की खाली, ते बाहेरून ऐकू येत नाही.